यंत्र ठेका धरतं, तेव्हा बाकीचे काय करतात

ड्रमर हवा की ठरवून दिलेला ठेका आपोआप वाजवणारं ड्रम मशीन, हा पोस्ट-पंकच्या, म्हणजे पंकनंतर आलेल्या रॉक संगीताच्या चाहत्यांमधला वाद चाळीस वर्षं उलटली तरी मिटायचं नाव घेत नाही. द सिस्टर्स ऑफ मर्सी या लीड्सच्या बँडचा विषय निघाला की तो हमखास पेटतो. १९८०मध्ये सुरू झालेल्या या बँडमध्ये गिटारवाले आले आणि गेले, बासवाले आले आणि गेले. गायक अँड्र्यू एल्ड्रिच सोडला तर टिकून राहिलेला सदस्य एकच, डॉक्टर अॅव्हलान्श, आणि हा डॉक्टर म्हणजे ड्रम मशीन. एका गटाचं म्हणणं, ज्याला घाम येत नाही त्याला बँडचा सदस्य म्हणणं हाच ड्रमरांचा अपमान आहे. दुसरा गट म्हणतो, डॉक्टरला काढा आणि मग त्या गाण्यांत काय उरतं ते दाखवा. तिसरा गट जुन्या यंत्रांवर जीव टाकणारा. त्यांना मशीन चालतं, पण ते ऐंशीच्या दशकातलं, बटणं झिजलेलं मशीन हवं; लॅपटॉप दिसला की त्यांचा विरस होतो.

तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण तिघंही त्या मशीनकडेच टक लावून बसलेत. माझ्या मते बघायला हवं ते मशीनच्या आजूबाजूला उभ्या असलेल्या माणसांकडे. मशीन ड्रमरची खुर्ची घेतं, त्याची सगळी कामं घेत नाही. लय धरणं हे ड्रमरच्या कामांपैकी फक्त एक. गाण्याची सुरुवात मोजून देणं, कडव्यात आवाज दाबून ध्रुवपदाला उघडणं, बदल येणार आहे हे एखाद्या तुकड्याने आधीच कळवणं, समेवर क्रॅश, म्हणजे मोठी झांज, मारून ‘आलो’ म्हणून सांगणं, गायक एक आवर्तन उशिरा आला तर तेवढं निमूटपणे जास्त वाजवणं, आणि शेवटी सगळ्यांकडे बघून गाणं थांबवणं, हीही त्याचीच कामं. मशीन आलं की ही सगळी कामं गिटार, बास, गायक आणि साउंड इंजिनिअर यांच्यात वाटावी लागतात. ती वाटणी ज्या बँडला जमली, त्यांचा आवाज आजही ताजा वाटतो. ज्यांना जमली नाही, त्यांच्यावर ‘यांत्रिक’ असा शिक्का बसला.

डॉक्टर अॅव्हलान्शचा पहिला अवतार होता बॉस कंपनीचं डीआर-५५. हातात मावेल एवढा, बॅटरीवर चालणारा डबा. त्यात आवाज चारच: किक (पायाने वाजणारा मोठा ढोल), स्नेअर (कडक आवाजाचा ढोल), रिमशॉट (ढोलाच्या काठावरचा ठोका) आणि हाय-हॅट (जोडझांज). टॉम, म्हणजे घुमणारे सुटे ढोल, नाहीत, क्रॅश नाही. हाय-हॅट तर ठोक्याठोक्याने लिहायचाही नाही. स्विच फिरवून तो एका मात्रेत दोनदा किंवा चारदा सरसकट चालू ठेवायचा. बाकीचे आवाज सोळा घरांत बसवायचे; चार मात्रांच्या आवर्तनाचे सोळा समान भाग म्हणजे ही घरं. एक आवाज निवडायचा आणि घरामागून घर पुढे जायचं, एका बटणाने ठोका, दुसऱ्याने रिकामं घर. मग पुढचा आवाज, पुन्हा तीच सोळा घरं. मशीनमध्ये असे आठ पॅटर्न राहतात, सहा सोळा घरांचे आणि दोन बारा घरांचे. पॅटर्न एकामागे एक ओवून पूर्ण गाणं साठवण्याची सोय नाही. कडव्यातून ध्रुवपदात जाताना पॅटर्न बदलायचा असेल तर कुणीतरी हाताने बदलायला हवा. स्टेजवर गायक माइकपाशी आणि बाकीच्यांचे दोन्ही हात वाद्यात अडकलेले. मग सरळ मार्ग एकच उरतो: एक पॅटर्न, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

ज्याला हे समजून घ्यायचंय त्याने कुठल्याही सोळा घरांच्या मशीनवर, अगदी मोबाइलमधल्या अॅपवरही, एक साधी मांडणी करून बघावी. पहिल्या आणि नवव्या घरात किक, पाचव्या आणि तेराव्यात स्नेअर, हाय-हॅट सोळाही घरांत, गती मिनिटाला १५० ठोके. अर्ध्या मिनिटात कान कंटाळतो. आता नवव्या घरातली किक काढून सातव्या आणि अकराव्या घरात टाका. ठेका लगेच पुढे रेटल्यासारखा वाटेल. यावर बास गिटार एका मात्रेत दोन स्वर अशी सरळ चालवली, तर बासचे स्वर पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या अशा विषम घरांवर पडतात, आणि सातव्या-अकराव्या घरातली किक बासच्या स्वरावर नेमकी बसते. दोन पातळ आवाज मिळून एक जाड आवाज होतो. तीच किक आठव्या घरात सरकवली की ती बासच्या दोन स्वरांच्या फटीत पडते. ठेका अडखळल्यासारखा वाटतो, आणि बासवाल्याने आपली चाल बदलल्याशिवाय तो सुधारत नाही. अॅक्सेंटचं, म्हणजे ठोक्यावरच्या जोराचंही तसंच आहे. फक्त पहिल्या घरावर जोर दिला तर आवर्तन कुठे संपतं ते दर वेळी उघडं पडतं आणि फिरून फिरून तेच चाललंय हे डोक्यात बसतं. जोर पाचव्या आणि तेराव्या घरावर, म्हणजे स्नेअरवर दिला, तर जोड दिसत नाही आणि ठेका अखंड धावतो.

आता या ठेक्यावर ध्रुवपद कसं आणायचं? क्रॅश नाही, तुकडा नाही, आवाज वाढवणारा हात नाही. म्हणून दुसरी गिटार फक्त ध्रुवपदात आत येते, किंवा बास खालच्या सप्तकातून वर उडी मारते, किंवा गायक वरच्या पट्टीत न जाता उलट कुजबुजतो आणि गिटारी मोठ्या होतात. एल्ड्रिच मुळात या बँडचा ड्रमर होता. १९८०च्या पहिल्या सिंगलवर ड्रम त्यानेच वाजवले, मग तो माइकवर आला आणि मशीन त्याच्या जागी बसलं. ही गोष्ट चाहते गंमत म्हणून सांगतात, पण मला ती फार महत्त्वाची वाटते. आपली कोणती कामं मशीनला देता येतील आणि कोणती दुसऱ्या माणसाच्या गळ्यात घालावी लागतील, हे त्या खोलीत त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

डीआर-५५ नंतर रोलंडचं टीआर-६०६ आलं, थोडा काळ टीआर-८०८, आणि १९८३पासून ओबरहाइम डीएमएक्स. १९८१च्या ६०६मध्ये सात आवाज आणि एक अॅक्सेंट, पॅटर्न जोडून गाणं साठवायची सोय, पण किक पातळ आणि झांज पत्र्यासारखी. शिकागोच्या बिग ब्लॅक या बँडनेही हेच यंत्र घेतलं आणि अल्बमच्या श्रेयनामावलीत त्याचं नाव ‘रोलंड’ असं छापलं. त्या बँडच्या स्टीव्ह अल्बिनीने त्या पातळपणाचाच फायदा घेतला. खालचा भाग किकने अडवलेला नसल्यामुळे बासला आणि पत्रा कापल्यासारख्या गिटारींना मोकळं रान मिळालं. सिस्टर्समध्ये क्रेग अॅडम्सची बास पिकने वाजवलेली आणि डिस्टॉर्शनने फाटलेली का, याचं उत्तर मला इथे दिसतं. किकने जे वजन द्यायचं ते देत नसेल तर बासने द्यायचं, आणि गिटारींच्या गोंगाटातून ऐकू यायचं असेल तर फाटलेल्या आवाजाला पर्याय नाही.

गिटार आणि तिच्या स्वरांचे प्रतिध्वनी काढणारं डिले पेडल यांचं नातं तर मशीनशिवाय समजतच नाही. गती १५० असेल तर एक मात्रा ४०० मिलिसेकंदांची; पाऊण मात्रेचा डिले ३०० मिलिसेकंदांचा. एकदा तो लावला की गिटारचा प्रत्येक प्रतिध्वनी हाय-हॅटच्या घरात नेमका पडतो आणि एका गिटारच्या दोन होतात. ड्रमर माणूस असेल आणि जोशात १५२वर गेला, तर मात्रा ३९५ मिलिसेकंदांच्या आसपास येते. पाऊण मात्रा २९६ची होते, म्हणजे प्रत्येक प्रतिध्वनीमागे चार मिलिसेकंदांचा फरक. तो काहीच नाही असं वाटेल, पण चौथ्या प्रतिध्वनीपर्यंत सोळा मिलिसेकंदांची फट पडते आणि कानाला ती गिचमिड म्हणून ऐकू येते. आज ड्रमरच्या पॅडवरून किंवा पायाने टॅप करून डिलेची गती देता येते. १९८२च्या पेडलवर नुसता एक खुंटा असायचा, आकडे नसायचे. हलत्या ठेक्यावर तो खुंटा कुठे लावणार? त्या काळच्या गिटारवाल्यांनी इतकी डिले-भरलेली गिटार वाजवली याचं अर्धं श्रेय मी मशीनला देतो.

अर्थात त्या मशीनचीही गती खुंट्यावरच होती, आणि तिथे एक वेगळीच डोकेदुखी. डीआर-५५, ६०६, ८०८ या तिन्हींवर गतीचा आकडा दिसत नाही. स्टेजवर कुणाचा धक्का लागला, की गाणं दुसऱ्याच चालीत. म्हणून गाण्यागणिक खुंट्याभोवती पांढऱ्या टेपवर खुणा, आणि साउंडचेकला, म्हणजे कार्यक्रमाआधीच्या आवाजाच्या तपासणीला, आधी मशीन लावून मग पेडल कानाने जुळवायचं, हा क्रम. उलट्या क्रमाने केलं तर सगळं पुन्हा करावं लागतं. डीएमएक्सवर गती आकड्यांत आली, तेव्हा हा त्रास एका झटक्यात संपला.

१८ जून १९८५ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या कार्यक्रमानंतर सिस्टर्सची ती फळी फुटली. गिटारवाला वेन हसी आणि बासवाला क्रेग अॅडम्स बाहेर पडले, त्यांनी द मिशन हा बँड काढला आणि ड्रमर म्हणून रेड लॉरी यलो लॉरी या बँडचा मिक ब्राउन घेतला. ज्यांना खरोखर तुलना करायचीय त्यांनी १९८५चे सिस्टर्स आणि १९८६चा मिशन पाठोपाठ ऐकावेत. गिटारवाला तोच, बासवाला तोच, फक्त मागचा ठेका बदललाय. हसीची गिटार मिशनमध्ये सुटी होते. स्वर लांबतात, मध्ये श्वास घेतात, कारण एका भागातून दुसऱ्या भागात जायचं ओझं आता ब्राउनच्या टॉमवर आहे. सिस्टर्समध्ये तीच गिटार विणकाम करत राहते. दोन्हींत चांगलं कोणतं, यावर भांडायला माझी ना नाही, पण भांडण ड्रमबद्दल आहे असं समजून ऐकणाऱ्याला खरा फरक कळायचा नाही. तो गिटारमध्ये आहे.

लीड्सच्या लोकांनी ही युक्ती शोधली, असं मात्र कुणी म्हणू नये. न्यू यॉर्कचे सुइसाइड आणि पॅरिसचे मेताल उर्बें सत्तरच्या दशकातच मशीन लावून उभे होते. लिव्हरपूलचे एको अँड द बनीमेन १९७८मध्ये मशीन घेऊनच सुरू झाले आणि १९८०च्या पहिल्या अल्बमवर पीट डी फ्रायटस हा हाडामांसाचा ड्रमर आला. ‘एको’ हे त्या मशीनचंच नाव, ही दंतकथा अजून फिरते. ती वृत्तपत्रांनी पसरवलेली. कार्डिफचे यंग मार्बल जायंट्स तर घरी बनवलेल्या मशीनचे ठेके कॅसेटवर भरून स्टेजवर कॅसेट लावायचे. इतक्या हळू आवाजात वाजवणारा बँड पोस्ट-पंकमध्ये दुसरा सापडणार नाही. मशीनचा आवाज घड्याळाच्या टिकटिकीएवढा ठेवल्यामुळे बासला चाल वाजवण्याची आणि गिटारला ठेका तोडण्याची जबाबदारी घ्यावी लागली. कामांची वाटणी हा शब्द मी वापरतोय, तो इथे सगळ्यात उघडपणे ऐकू येतो.

याच्या उलट्या टोकाला स्टीव्हन मॉरिस. मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजन या बँडचा हा ड्रमर मशीनसारखं वाजवतो असं म्हणायची पद्धत आहे, आणि ती अर्धवट आहे. १९७९च्या एप्रिलमध्ये स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत निर्माता मार्टिन हॅनेटने त्याचे ड्रम सुटे करून घेतले. एका ड्रमचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरू नये म्हणून काही वेळा किक वेगळी, स्नेअर वेगळी, हॅट वेगळा असं वाजवायला लावलं, आणि मग एएमएस कंपनीच्या डिजिटल डिलेतून त्याला ती प्रसिद्ध गार पोकळी दिली. असं वाजवणं किती कठीण असतं याचा विचार करून पाहा. ड्रमरचं शरीर चारही हातापायांचा तोल साधून लय धरतं. हॅटचा हात थांबवला की किकचा पाय डगमगतो. त्यावर उपाय असा, की जो ड्रम ध्वनिमुद्रित करायचा नाही तिथे उशी किंवा स्वतःची मांडी बडवत राहायचं, म्हणजे शरीराची हालचाल मोडत नाही. मॉरिसकडे सिनेअर हे थाळीच्या आकाराचं ड्रम-सिंथही होतं, ते तो काठीने वाजवायचा. तेव्हा तिथे माणूस मशीनची नक्कल करत नव्हता. निर्मात्याने माणसाचे तुकडे करून मशीनला जे आपोआप मिळतं, म्हणजे प्रत्येक आवाजाची स्वतंत्र वाट, ते मिळवलं होतं.

ही स्वतंत्र वाट डीएमएक्सने विकत मिळू लागली. या यंत्रात खऱ्या ड्रमचे आवाज चिपवर साठवलेले, आणि आठ आवाजांना आठ वेगवेगळी आउटपुट. जॉय डिव्हिजनमधूनच पुढे झालेल्या न्यू ऑर्डरने मार्च १९८३मध्ये ‘ब्लू मंडे’ हे गाणं काढलं, त्यात मॉरिसने हेच यंत्र लावलं. त्याच बँडच्या बर्नार्ड समनरने किटचे सुटे भाग जोडून तयार केलेला सिक्वेन्सर, म्हणजे ठरलेले स्वर क्रमाने वाजवणारं यंत्र, त्याच्या जोडीला. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी जोडणारा मिडी नुकताच जन्माला येत होता, या यंत्रांत तो नव्हता. तेव्हा एका मात्रेत रोलंडची यंत्रं गती जुळवणारे २४ पल्स (विजेचे ठोके) मोजायची, लिन कंपनीची ४८, ओबरहाइमची ९६. दोन कंपन्यांची यंत्रं नुसती वायरने जोडली तर एक दुसऱ्याच्या दुप्पट किंवा चौपट धावणार, म्हणून मध्ये भागाकार करणारं सर्किट बसवावं लागे. याच गाण्यासाठी बँडने ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या ब्रिटिश टीव्ही कार्यक्रमात ओठ हलवण्याऐवजी प्रत्यक्ष वाजवायचा हट्ट धरला आणि ते सादरीकरण फसलं. चाहते त्याला आजही हसतात. मला ते त्या काळातलं सर्वांत प्रामाणिक सादरीकरण वाटतं: प्लेबॅकवर ओठ हलवण्याची राजरोस सोय असताना त्यांनी यंत्रांचा धोका उघड्यावर पत्करला.

त्याच सुमारास, १९८२मध्ये, मुंबईत चरणजित सिंग यांनी टीआर-८०८च्या ठेक्यावर सिंथेसायझरने राग वाजवून आख्खा अल्बम केला होता. त्याचा पोस्ट-पंकशी संबंध नाही, पण प्रश्न तोच होता: ठेका जागचा हलणार नसेल तर रागाचा विस्तार, चढउतार, सम गाठणं हे सगळं एकट्या सुरावटीने पेलायचं.

आता स्टेज. इथे या वादातल्या सगळ्या बाजूंचे लोक सगळ्यात जास्त घोटाळा करतात, कारण बहुतेक तक्रारी मशीनच्या नसून ध्वनियंत्रणेच्या असतात. ड्रमसेटचा स्वतःचा आवाज असतो. वीज गेली तरी स्नेअर ऐकू येते. मशीनला स्टेजवर आवाजच नाही. मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेला स्पीकर, त्यातून येईल तेवढंच. मॉनिटर लांब असला की आणखी एक अडचण. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरमागे जवळजवळ तीन मिलिसेकंद. दहा मीटर दूरच्या स्पीकरवर कान ठेवून वाजवणारा गिटारवाला तीस मिलिसेकंद मागे असतो. मिनिटाला १२० गतीत सोळाव्या भागाची, म्हणजे एका घराची, लांबी १२५ मिलिसेकंद. म्हणजे तो जवळपास पाव घर उशिरा वाजतोय, आणि प्रेक्षकांतला जाणकार म्हणतो, ‘मशीनबरोबर जमत नाहीये’. इलाज सोपा आहे. प्रत्येकाच्या मीटर-दीड मीटरवर स्वतंत्र मॉनिटर आणि त्यात किक, स्नेअर, हॅट आधी, बाकी सगळं नंतर. नाहीतर सरळ कानातले मॉनिटर.

दुसरी नेहमीची चूक, सगळे ड्रम एकाच वायरवरून मिक्सरला देण्याची. ६०६ला मुख्य आउटपुट एकच. किक कमी वाटते म्हणून इंजिनिअर खालचा भाग वाढवतो, तर टॉमही फुगतात; हॅट टोचतो म्हणून वरचा कापतो, तर स्नेअरची धार जाते. जुनंच मशीन हवं असेल तर त्याचा एकेक आवाज आधी सुटा रेकॉर्ड करून स्टेजवर चार वाटांनी न्यावा: किक, स्नेअर, हॅट-झांज, बाकीचे. प्रत्येकाला डीआय बॉक्स, म्हणजे वाद्याचा सिग्नल मिक्सरला देण्याजोगा करणारी डबी. लॅपटॉपच्या चार्जरमुळे घरघर येऊ लागली तर ट्रान्सफॉर्मरवाल्या डीआयवरचं ग्राउंड-लिफ्ट बटण दाबायचं. प्लगची अर्थिंगची पिन काढायचा अघोरी उपाय कुणी सुचवला तर त्याला स्टेजजवळ फिरकू देऊ नये. किकवर ३० ते ४० हर्ट्झच्या खाली काट मारावी, कारण त्याखाली ऐकू फारसं येत नाही आणि सबवूफरचा दम मात्र जातो. हॉल घुमणारा असेल तर ८०८ची लांब किक छोटी करावी, आणि सोळाव्या भागातला हॅट अर्ध्यावर आणावा. दोन सेकंद घुमणाऱ्या हॉलमध्ये तेवढे ठोके एकमेकांत मिसळून नुसता फुसफुसाट होतो. माणूस ड्रमर हे सगळं पहिल्या गाण्यातच ऐकतो आणि हात हलका करतो. मशीनसाठी ते काम साउंड इंजिनिअरला सांगून ठेवावं लागतं, आणि तो दर गावी नवा असतो.

लॅपटॉपचं म्हणाल तर त्यात आत्मा नाही ही तक्रार मला पटत नाही. बेपर्वाई असते, ही पटते. प्रोजेक्टचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे नमुने) ४४.१ किलोहर्ट्झवर आणि लॅपटॉपमधून आवाज बाहेर काढणारा ऑडिओ इंटरफेस ४८वर अडकलेला, मधे रूपांतर करणारं काही नाही, तर १२० गतीचं गाणं १३०च्या वर पळतं आणि सूर जवळपास दीड पट्टीने चढतो. गिटारी जुन्या सुरात, मागचे सिंथ वरच्या सुरात. हे साउंडचेकमध्ये कळतं, पण साउंडचेक झालाच नाही तर थेट पहिल्या गाण्यात. नुसते ट्रॅक वाजवायचे असतील तर बफर, म्हणजे लॅपटॉप आधी साठवून मग वाजवतो तो आवाजाचा तुकडा, ५१२ किंवा १०२४ नमुन्यांचा ठेवावा. बफर लहान ठेवणं ज्यांना शहाणपणाचं वाटतं, त्यांच्या ट्रॅकमध्ये ऐन गर्दीच्या गाण्यात चरचर येते. लहान बफर फक्त तिथे हवा, जिथे कुणी पॅड बडवून लॅपटॉपमधून आवाज काढतोय. वाय-फाय बंद, स्लीप बंद, अपडेट बंद. स्वस्तातली मांडणी म्हणजे डाव्या वाटेवर ड्रम आणि उजवीवर फक्त वाजवणाऱ्याच्या कानात मात्रा मोजणारी क्लिक. त्यात वायरी उलटसुलट लागल्या की प्रेक्षकांना टकटक ऐकू येते आणि ड्रमरच्या कानात गाणं. दोन्ही टोकांना रंगीत टेप लावली की ही नामुष्की टळते. मोठे बँड दोन लॅपटॉप एकदम चालवतात. एका वाटेवरून प्रेक्षकांना न ऐकू येणारा सलग सूर चालू ठेवतात, आणि तो सूर तुटला की स्विचर आपोआप दुसऱ्या लॅपटॉपवर उडी मारतो.

ड्रमर आणि मशीन दोन्ही हवेत, असं म्हणणारा चौथा गट अलीकडे वाढलाय, आणि माझा कल त्यांच्याकडे आहे, पण एका अटीवर. दोघांना एकच काम देऊ नये. किक मशीनची आणि वर पुन्हा ड्रमरचीही किक, असं केलं की दोन ठोके दहा-पंधरा मिलिसेकंदांनी मागेपुढे पडतात आणि दोन्ही पोकळ वाटतात. हॅट आणि किक मशीनला, टॉम आणि झांज माणसाला, ही वाटणी चालते. जीझस अँड मेरी चेन या बँडच्या सुरुवातीच्या काळात बॉबी गिलेस्पी उभा राहून फक्त एक स्नेअर आणि एक फ्लोअर टॉम वाजवायचा. एवढ्याशा सामानात काय साधतं ते तिथे ऐकावं. स्नेअरला ट्रिगर (ठोका ओळखणारा सेन्सर) चिकटवून सॅम्पल, म्हणजे साठवलेला आवाज, काढायचा असेल तर तीन गोष्टी जुळवाव्या लागतात. थ्रेशोल्ड, म्हणजे किती जोराचा ठोका मोजायचा ती पातळी, इतका वर, की किकच्या धक्क्याने स्नेअर उडणार नाही. इतका खालीही, की हलका ठोका हरवणार नाही. आणि रीट्रिगरची, म्हणजे पुढचा ठोका मोजण्याआधी थांबायची, वेळ एवढीच, की कातडं थरथरल्याने एका ठोक्याचे दोन होणार नाहीत, पण रोल मात्र वाजेल. एकाच स्टँडवर दोन पॅड लावले तर एकावरचा ठोका दुसऱ्यावर नोंदला जातो. स्टँड वेगळा केला की निम्मा त्रास संपतो.

आणि धूर. सिस्टर्सच्या कार्यक्रमात धूर इतका, की बँड दिसतच नाही, ही चाहत्यांची जुनी कुरकूर. ती रास्त आहे, पण धुराचं कारण ठेक्याशी जोडलेलं आहे असं मला वाटतं. स्टेजच्या मागच्या बाजूला मधोमध, उंचावर, ड्रमर नसला की तिथे खड्डा पडतो. डोळ्याला हलणारं काहीच उरत नाही. मागून मारलेले दिवे आणि त्यांच्यासमोर धुराची भिंत उभी केली की तो खड्डा भरतो, आणि ठोक्यावर उघडझाप करणारा दिवा ड्रमरच्या हातांचं काम करतो. इथे मशीन असण्याचा फायदाही मिळतो. गती ठरलेली असल्यामुळे दिव्यांचा क्रम टाइमकोडवर, म्हणजे गाण्याबरोबर धावणाऱ्या वेळेच्या खुणांवर, बांधून ठेवता येतो, आणि तो दर रात्री त्याच घरात पडतो. फक्त ग्लायकॉलच्या धुराचं यंत्र तापून तयार व्हायला काही मिनिटं घेतं आणि सलग फुंकलं की मध्येच पुन्हा तापायला थांबतं. तेव्हा ते एकच मोठं घेण्यापेक्षा दोन लहान घेऊन आलटून पालटून चालवावीत. हॉलमध्ये धूर ओळखणारे अग्निशामक सेन्सर कुठे आहेत, ते दारं उघडण्याआधी विचारून घ्यायलाच हवं.

डॉक्टर अॅव्हलान्श आज संगणकात राहतो, आणि त्याच्यापाशी उभ्या असणाऱ्या माणसाला बँडच्या यादीत ‘डॉक्टरची नर्स’ असं पद आहे. मार्च व्हायोलेट्स या बँडच्या सायमन डेन्बीने ते बरीच वर्षं सांभाळलं. जुन्या यंत्रांवर जीव असणाऱ्या चाहत्यांनी डबा परत आणण्याची मागणी सोडून या नर्सकडे लक्ष द्यावं असं मला मनापासून वाटतं. ट्रॅक चालू करणं, गायक बोलत थांबला तर पुढचं गाणं रोखून धरणं, ध्रुवपदाचं आवर्तन वाढवायचं असेल तर ट्रॅकमध्ये तशी जागा आधीच ठेवलेली असणं, हॉलप्रमाणे किक छोटी-मोठी करणं, ही ड्रमरचीच जुनी कामं, आणि ती करायला एक माणूस नेमलाय. त्याला निव्वळ बटण दाबण्याऐवजी चार-सहा वाटांचा छोटा मिक्सर आणि आवर्तन वाढवायचा पाय-पेडल दिला, तर आजच्या कार्यक्रमांबद्दलच्या निम्म्या तक्रारी एका दौऱ्यात कमी होतील.